पूल खाली टेकतो तेव्हा

छोट्या रेल्वेसाठी मोटरवर चालणारा उचलता पूल करतो आहे, असं कुणी म्हटलं की ऐकणारा हमखास विचारतो, ‘मोटर कुठली घेतली?’ हलणारी वस्तू दिसली की ती हलवतं कोण, इकडेच आपलं लक्ष आधी जातं. या पुस्तकात मोटरचं प्रकरण सहावं आहे, आणि ते मुद्दाम तिथे ठेवलं आहे. त्याआधीच्या पाच प्रकरणांत वजन, तोल, बैठक, रुळांचे सांधे आणि इंटरलॉकिंग यांचा विचार केला आहे. पूल वर नेणं हा या कामातला सोपा भाग. तोच पूल पुन्हा पुन्हा खाली आणायचा, दर वेळी केसाएवढाही फरक न पडता त्याच जागी टेकवायचा आणि तो टेकल्याची खात्री होईपर्यंत गाडीला त्याच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही, हे खरं काम. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढची पानं त्याचाच खुलासा करतात.

आपल्या देशातलं अशा पुलाचं सर्वांत ओळखीचं उदाहरण पांबनचं. रामेश्वरला आगगाडीने गेलेल्या मराठी यात्रेकरूंच्या कित्येक पिढ्यांनी तो पाहिला आहे. दोन्ही बाजूंना समुद्र, गाडी अगदी संथ चाललेली, आणि बुटक्या तुळयांची रांग संपून मध्येच उभा राहिलेला उंच पोलादी सांगाडा. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी हा पूल सुरू झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त. जहाजांना वाट देणारा गाळा २२५ फुटांचा, दोन पात्यांचा. प्रत्येक पातं आपापल्या बाजूला मागे झुकत वर जाई, जवळजवळ उभं होई. हे सगळं हाताने चाले. माणसं दांडे लावून दात्यांची चाकं फिरवत आणि शेकडो टनांचं पोलाद उघडे. मोटर नव्हतीच. पात्याच्या मागच्या टोकाला त्याच्या तोलाचं वजन होतं, म्हणून माणसांचे हात पुरे पडत.

या रचनेला शेर्झर हे नाव आहे ते शिकागोच्या विल्यम शेर्झर या अभियंत्यामुळे. पातं एका खिळीभोवती फिरवण्याऐवजी त्याची टाच गोलाकार करायची आणि ती सपाट मार्गावर मागे लोळू द्यायची, ही त्याची कल्पना. पातं वर जाता जाता मागेही सरकतं, त्यामुळे जहाजाची वाट लवकर मोकळी होते. शेर्झर १८९३ मध्ये तरुण वयातच वारला. पेटंट मंजूर झालं ते त्याच्या मृत्यूनंतर. शिकागोत अशा धाटणीचे पहिले पूल १८९५ मध्ये उभे राहिले, म्हणजे स्वतःची कल्पना हललेली त्याने कधीच पाहिली नाही. धंदा पुढे त्याच्या भावाने, अल्बर्टने, चालवला आणि त्यांच्याच कंपनीचा आराखडा वीस वर्षांच्या आत पाल्कच्या सामुद्रधुनीपर्यंत पोहोचला.

त्याच शिकागोत, त्याच काळात, जे. ए. एल. वॉडेल याने दुसरी वाट काढली. पूल तिरपा करायचाच नाही. दोन मनोऱ्यांच्या मधोमध अख्खा गाळा आडवाच्या आडवा वर न्यायचा. साउथ हॉलस्टेड रस्त्यावरचा त्याचा पूल १८९४ चा. १३० फुटांचा गाळा पाण्यापासून १५५ फूट उंच जाई. इमारतीतल्या लिफ्टमध्ये असते तीच युक्ती यात आहे. दोर कप्प्यांवरून जातात, एका टोकाला गाळा आणि दुसऱ्या टोकाला तेवढंच काउंटरवेट. युरोपात याचं देखणं रूप पाहायचं असेल तर रॉटरडॅमचा १९२७ चा ‘दे हेफ’ हा रेल्वेपूल पाहावा. योरिस इव्हेन्स या डच दिग्दर्शकाने त्यावर १९२८ मध्ये ‘द ब्रिज’ हा छोटा मूकपट केला. मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाने तो काम सुरू करण्याआधी पाहावा असं मला मनापासून वाटतं. गाडी थांबते, गाळा वर जातो, कप्प्या फिरतात, काउंटरवेट खाली येतं. या घटनांचा क्रम आणि त्यांची संथ लय तिथे डोळ्यांनी शिकता येते. कागदावरच्या आराखड्यात लय नसते.

या दोन परंपरांपैकी दुसरी आता पांबनलाही आली. डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या पुलावरची वाहतूक थांबली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी शेजारच्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं. नव्या पुलाचा ७२.५ मीटर लांबीचा गाळा १७ मीटर सरळ वर उचलला जातो. त्याचं वजन सुमारे ६६० टन. हे आकडे मॉडेलच्या प्रमाणात उतरवून पाहण्यासारखे आहेत, कारण तिथूनच सगळा विचार सुरू होतो.

एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात गाळा ८३३ मिलिमीटर लांब होतो आणि १९५ मिलिमीटर वर जातो. वजन मात्र लांबीच्या घनाच्या हिशेबाने घटतं. ८७ चा घन ६,५८,५०३. ६६० टनांना त्याने भागलं की जेमतेम एक किलो उरतं. साखरेच्या एका पुड्याएवढं! एन म्हणजे १:१६० या प्रमाणात लांबी ४५३ मिलिमीटर आणि वजन अवघं १६० ग्रॅम. एवढं वजन तर कुठलीही खेळण्यातली मोटर उचलेल. मग काउंटरवेट कशाला, असा प्रश्न इथे येतोच, आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं.

उत्तर असं की गाळा उचलण्यासाठी काउंटरवेट लागत नाही, खाली आणण्यासाठी लागतं. समजा, गाळा ८०० ग्रॅमचा आहे आणि दोर गुंडाळणाऱ्या रिळाची त्रिज्या एक सेंटिमीटर. काउंटरवेट नसेल तर मोटरवर ०.८ किलो-सेंटिमीटर इतका पीळ येतो. दोन बाजूंना मिळून ७६० ग्रॅमची काउंटरवेटं लावली तर तोच पीळ ०.०४ वर येतो. वर कप्प्यांचं घर्षण धरायचं. पहिल्या रचनेत मोटर गाळा वर ओढते, पण उतरताना गाळाच मोटरला ओढतो. गिअरच्या दात्यांमधली मोकळीक एका बाजूला दाबली जाते, वेग वाढतो आणि शेवटच्या मिलिमीटरला गाळा बैठकीवर आदळतो. दुसऱ्या रचनेत वर जाताना आणि खाली येताना मोटरला जवळजवळ सारखंच काम पडतं. रिळावरचा दोर तुटला तरी अनर्थ होत नाही. आणि दोन्ही बाजू समान ठेवण्याऐवजी गाळा चाळीसेक ग्रॅम जड ठेवला की तो आपल्या भाराने बैठकीवर दाबून बसतो. मोठे पूलही बंद असताना असेच किंचित गाळ्याच्या बाजूने जड ठेवतात. दोर सैल पडले तरी चालतील, गाळा बैठकीवर पक्का बसला पाहिजे. गाडीचा भार कधीच दोरांवर यायचा नसतो, तो खांबांवर जायचा असतो.

शेर्झर किंवा साध्या खिळीच्या पुलात तोल साधणं याहून अवघड, आणि नवखा माणूस नेमका इथे फसतो. पातं आडवं असताना दोन्ही बाजू बरोबर तोलल्या, आता झालं, असं वाटतं. पातं अर्धं वर जातं आणि एकाएकी मागे झुकू लागतं, किंवा वर नेलेलं तिथे थांबतच नाही. कारण भूमितीचं आहे. पात्याचा गुरुत्वमध्य, खिळी आणि काउंटरवेटचा गुरुत्वमध्य हे तिन्ही एका सरळ रेषेत असतील तरच तोल प्रत्येक कोनात टिकतो. काउंटरवेट रेषेच्या थोडं खाली लटकलं असेल तर एका कोनात जुळलेला तोल दुसऱ्या कोनात बिघडतो. म्हणून काउंटरवेटचा डबा पोकळ करून त्यात शिशाचे छर्रे किंवा वॉशर घालावेत आणि डब्याची जागा वर-खाली करता येईल अशी सोय ठेवावी. तिसऱ्या प्रकरणात याच्या आकृत्या दिल्या आहेत. त्या पाहण्याआधी जाड पुठ्ठा, टाचणी आणि दोन नाणी घेऊन हा प्रयोग करून पाहावा. हाताला एकदा कळलं की डोक्याला समजावून सांगावं लागत नाही.

आता बैठक. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण हेच आहे आणि ते लांब असल्याबद्दल मला जराही खंत नाही. एचओच्या चाकांची कड साधारण ०.६ मिलिमीटर खोल असते. रुळांच्या दोन टोकांमध्ये उंचीचा ०.३ मिलिमीटर फरक पडला की चाकाला धरून ठेवणारी निम्मी कड तिथेच गेली. बाजूचा फरक तर याहून घातक. स्टेपर मोटर घेतली तर हा नेमकेपणा आपोआप येईल, अशी पुष्कळांची समजूत असते. बाजारात सहज मिळणारी छोटी २८बीवायजे-४८ मोटर एका फेऱ्यात चार हजारांहून अधिक अर्धी पावलं टाकते. वीस मिलिमीटर व्यासाच्या रिळावर एक पाऊल म्हणजे मिलिमीटरचा सुमारे साठावा भाग. कागदावर हे सुरेख दिसतं. प्रत्यक्षात तिच्या गिअरमधली मोकळीक, दोराचा ताण आणि रिळावर एकावर एक चढणारे वेढे मिळून तो नेमकेपणा केव्हाच गिळून टाकतात. नेमकेपणा मोटरकडे मागायचाच नाही, तो बैठकीकडे मागायचा. गाळ्याच्या तळाला निमुळत्या पितळी खुंट्या आणि खांबावर त्यांना साजेशी भोकं ठेवावीत. मोटरने गाळा दोन-तीन मिलिमीटरच्या अंतरात आणून सोडावा. पुढचं काम खुंट्या आणि गुरुत्वाकर्षण करतात. एका टोकाच्या खुंट्या घट्ट बसाव्यात आणि दुसऱ्या टोकाचं भोक लांबट असावं, म्हणजे गाळा लांबीत वाढला-घटला तरी अडत नाही.

वाढण्या-घटण्याचा हा मुद्दा आपल्या हवेत फार महत्त्वाचा आहे. ८३३ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा गाळा वीस अंश तापमानवाढीत सुमारे ०.४ मिलिमीटर वाढतो, पोलादाचा त्याच्या निम्मा. धातूचं गणित निदान मांडता येतं. लाकडाचं खातं पावसाकडे असतं. कोकणपट्टीत किंवा मुंबईत मे महिन्यात सुरेख बसणारा प्लायवुडचा पूल जुलैत अडकतो आणि दिवाळीनंतर त्याच्या सांध्यांत फट दिसते. परदेशी पुस्तकांत या भागाला फारशी जागा नसते, कारण ती लिहिणाऱ्यांच्या तळघरात आपला पाऊस पडत नाही. माझा आग्रह असा की गाळा धातूचा करावा, टेबलाच्या कडा सर्व बाजूंनी वॉर्निश कराव्यात आणि शेवटची जुळणी पावसाळ्यात करावी. त्या चार महिन्यांत जो पूल नीट बसला तो वर्षभर बसतो.

दोराविषयी थोडक्यात. शिवणाचा दोरा आणि नायलॉनची तंगूस दोन्ही ताणतात. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात विणलेली बारीक दोरी मिळते, ती घ्यावी. चारही कोपरे सारखे उचलले गेले पाहिजेत, नाहीतर गाळा मनोऱ्यात तिरपा अडकतो. मोठ्या पुलांवर दोन मनोऱ्यांतल्या मोटरी एका तालात ठेवायला बरीच यंत्रणा लागते. आपल्याला टेबलाखालून एकच लांब दांडा नेऊन त्यावर चार रिळं बसवली की झालं. वेगाचा हिशेबही सोपा आहे. १९५ मिलिमीटरची उचल चाळीस सेकंदांत हवी असेल तर वीस मिलिमीटरच्या रिळाचे तीन फेरे पुरतात, म्हणजे मिनिटाला चार-पाच फेऱ्यांची गिअर मोटर. याहून वेगाने उचललेला पूल खेळणं वाटतो. वर्म गिअर असलेली मोटर मिळाली तर उत्तमच, कारण वीज गेली तरी गाळा आहे तिथेच थांबतो. आणि वीज जाते.

इथपर्यंत देखाव्यातल्या पुलाबद्दल बोललो. पण या छंदातले पुष्कळ उचलते पूल कुठल्याच खऱ्या पुलाची नक्कल नसतात; ते दारासाठी केलेले असतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीलगत फिरणारी रेल्वे टाकायची म्हटलं की ती दारासमोरून जाणारच. रूळ छातीच्या उंचीवर, आणि घरातल्या माणसांनी त्याखालून वाकून ये-जा करायची. गुडघे दुखणाऱ्या आजींना ते जमत नाही आणि त्यांनी ते का जमवावं? मला हा पूल देखाव्यातल्या पुलाइतकाच मानाचा वाटतो, कारण घरातल्या सर्वांच्या राजीखुशीने छंद चालतो तो याच्यामुळे. त्यासाठी बिजागरीवर उभा उठणारा साधा फळीचा गाळा पुरतो. एकच पथ्य कसोशीने पाळावं : बिजागरीची खिळी रुळांच्या माथ्याच्या पातळीला किंवा तिच्या वर असावी. ती खाली राहिली तर फळी उठताना रुळांची टोकं एकमेकांत घुसतात आणि पहिल्याच दिवशी वाकतात. उचलायला रिक्लायनर सोफ्यात किंवा रुग्णालयाच्या खाटेत असतो तसा बारा व्होल्टचा लिनिअर अ‍ॅक्चुएटर वापरावा. त्याच्या दोन्ही टोकांना थांबण्याची सोय आतच असते.

आता इंटरलॉकिंगकडे, म्हणजे पूल आणि गाडी यांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेकडे येतो. हे प्रकरण लिहिताना माझ्यासमोर मॉडेल नव्हतं. ६ मे १८५३ रोजी अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या नॉरवॉक इथे प्रवासी गाडी उघड्या पुलावरून नदीत गेली. किमान ४६ माणसं मेली. २९ जून १८६४ रोजी कॅनडात क्युबेकमधल्या बेलीय इथे तेच घडलं आणि ९९ माणसं गेली. त्यानंतर चौऱ्याण्णव वर्षांनी, १५ सप्टेंबर १९५८ रोजी, न्यू जर्सीत नेवार्कच्या उपसागरावरचा उचलता पूल वर होता आणि सकाळची लोकल सिग्नल ओलांडून पुढे गेली. रुळावरून उतरवणारी कळ तिथे होती. तिने तिचं काम केलं, गाडी उतरवली. पण गाडी स्लीपरवरून तशीच पुढे गेली आणि पाण्यात पडली. ४८ जण मेले. इंजिनातली माणसंही त्यांत होती, त्यामुळे ती सिग्नलला का थांबली नाहीत हे कुणालाच विचारता आलं नाही.

टेबलावरच्या गाडीत माणसं नसतात. तरीही जो आपल्या छोट्या पुलाला इंटरलॉकिंग करत नाही, त्याने उचलत्या पुलाचा अर्धाच भाग केला आहे, असं मी मानतो. रेल्वेने त्या मृत्यूंतून जे शिकून घेतलं ते या अर्ध्या भागात आहे. नियम दोनच आहेत. पूल पूर्ण टेकलेला नसेल तर दोन्ही बाजूंच्या रुळांना वीज मिळता कामा नये. आणि गाडी त्या भागात असेल तर पुलाच्या मोटरला वीज मिळता कामा नये. पहिला नियम फार सुंदर रीतीने पाळता येतो. ज्या पितळी खुंट्यांवर गाळा बसतो त्यांच्यातूनच गाळ्यावरच्या रुळांना वीज द्यायची. खुंटी भोकात शिरली नाही तर वीज नाही. वेगळा स्विच बिघडण्याचा प्रश्नच राहत नाही. दोन्ही बाजूंच्या रुळांचा तुकडा मात्र रिलेने तोडावा लागतो.

हा मृत तुकडा किती लांब ठेवायचा? पूर्वी इंजिनाएवढा ठेवला तरी चाले. आताच्या डिजिटल इंजिनांत वीज क्षणभर तुटली तरी गाडी अडखळू नये म्हणून कपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यांच्या जोरावर इंजिन मृत रुळांवरूनही काही सेकंद खुशाल चालत राहतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे १:८७ मध्ये सेकंदाला १९ सेंटिमीटर. पाच सेकंद चाललं तर जवळपास एक मीटर. नेवार्कला जे अंतर कमी पडलं तेच इथे कमी पडतं. म्हणून मृत तुकडा सव्वा मीटरचा ठेवावा किंवा पुलाच्या तोंडाशी, पूल उठला की आपोआप वर येणारी आडकाठी बसवावी. मी दोन्ही सुचवतो. आणि ज्यांना आपल्या रेल्वेची चाल जपायची आहे त्यांच्यासाठी पाचव्या प्रकरणाच्या शेवटी तिसरा उपाय दिला आहे. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला पोलादी गोळा देण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं होती. गोळा हातात असेल तरच गाडी पुढे जाई. तसाच छर्रा पुलाच्या यंत्रात टाकल्याशिवाय मोटरचं वर्तुळ पूर्ण होणार नाही, अशी रचना करता येते. छर्रा एकच. तो गाडीपाशी असेल तर पुलापाशी नाही.

मोटर थांबवण्याच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. गाळा वर पोहोचला आणि खाली टेकला हे ओळखणारे दोन लिमिट स्विच थेट मोटरच्या तारेत असावेत आणि प्रत्येकाला समांतर एक १एन४००७ डायोड असावा. स्विच दाबला गेला की त्या दिशेचा प्रवाह तुटतो, उलट दिशेचा डायोडमधून जातो, म्हणून गाळा परत फिरू शकतो. दिशा बदलायला दोन बाजूंना पडणारं साधं बटण. एवढ्यात पूल चालतो. आर्डुइनो जरूर लावावा. वेग हळूहळू वाढवणं, शेवटी मंदावणं, सिग्नल पाडणं, भोंगा वाजवणं ही कामं तो छान करतो. पण प्रोग्राम अडकला तर गाळा मनोऱ्याच्या माथ्यावर धडकेल अशी रचना कधीही करू नये. शेवटचा शब्द तारेतल्या स्विचचा असावा. पांबनच्या जुन्या पुलावर वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल होई. त्यात कुणाच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नसे. छोट्या पंख्यावर फुंकर मारली की सिग्नल पडतो अशी त्याची नक्कल मुलांना विलक्षण आवडते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

बाजारातला तयार पूल घ्यावा का, असंही विचारतात. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९४० मध्येच ३१३ क्रमांकाचा उघडणारा पूल विकायला काढला. तो घालण्यासाठी रुळांची टोकं एका रेषेत धरून ठेवणारी चौकट सोबत यायची. एवढ्या जाड रुळांच्या खेळण्यालाही बैठकीची काळजी घ्यावी लागली होती! आज वॉल्थर्सचे प्लॅस्टिकचे संच मिळतात आणि ते चांगले दिसतात. पण ते अमेरिकन पूल आहेत. भारतीय पूल हवा असेल तर तो हातानेच करावा लागतो. त्यात प्रमाणाचा एक गुंता आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा; १:८७ मध्ये तो १९.३ मिलिमीटर व्हायला हवा, आणि बाजारात रूळ मिळतात १६.५ चे. बहुतेक जण तडजोड करून त्यावरच भारतीय डबे चालवतात. जुन्या पांबनला मात्र ही तडजोड करावी लागत नाही. २००७ पर्यंत तो मीटरगेज होता. १:८७ मध्ये मीटरगेज साडेअकरा मिलिमीटरचा होतो आणि बारा मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात.

हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. जुना पांबन आता वापरात नाही. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीच्या चक्रीवादळात त्याचे बहुतेक गाळे वाहून गेले, तेव्हा कोकण रेल्वेमुळे आपल्या घराघरांत ओळखीचे झालेले ई. श्रीधरन यांनी, तरुण अभियंता असताना, ४६ दिवसांत तो पुन्हा उभा केला होता. त्या पुलाची छायाचित्रं भरपूर आहेत आणि राहतील. पण छायाचित्रात टाच कशी लोळते, पातं मागे कसं सरकतं, दोन पाती मधोमध एकमेकांत कशी अडकतात हे दिसत नाही. ते दाखवायला चालतं मॉडेल लागतं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. चालती रेल्वे पाहताना मुलं तिथे किती प्रश्न विचारतात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल. आपल्या एखाद्या शाळेच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दालनात हाताने दांडा फिरवून उघडणारा मीटरगेजचा पांबन असावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. सातव्या प्रकरणातला आराखडा त्यासाठीच काढला आहे. त्याला मोटर लावता येते, पण दांड्याची जागा राखून ठेवली आहे.

सामानाबद्दल काळजी करू नये. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास गिअर मोटर, रिले, लिमिट स्विच आणि बारा व्होल्टचा पुरवठा एका फेरीत मिळतो. पितळी नळ्या आणि पट्ट्या भांड्यांच्या बाजारात, छर्रे मासेमारीच्या दुकानात. महाग पडतो तो वेळ. सुट्ट्या भागांच्या किमती मी मुद्दाम दिल्या नाहीत, त्या छपाईआधीच बदलतात.

फिरते पूल, म्हणजे मधल्या खांबाभोवती आडवे वळणारे, या पुस्तकात घेतलेले नाहीत. त्यांत काउंटरवेट नसतं, गुरुत्वाकर्षण बैठकीला मदत करत नाही आणि दोन्ही टोकं बाजूने येऊन जुळतात, त्यामुळे इथे सांगितलेली खुंट्यांची रीत त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांच्यासाठी टोकांना खालून वर दाबणाऱ्या पाचरी लागतात. ते सगळं स्वतंत्रपणे मांडावं लागेल. वाचकांनी पहिली तीन प्रकरणं क्रमाने वाचावीत. दारासाठी पूल करायचा असेल तर तिथून थेट आठव्यावर जावं आणि पाचवं प्रकरण वाचल्याशिवाय मात्र कुणीही विजेची पहिली तार जोडू नये.